रस्त्याकडेचा वीरगळ पुन्हा उभा करताना

एसटी स्टँडच्या भिंतीला टेकलेला, कमरेपर्यंत मातीत गेलेला, निम्मा शेंदूर आणि निम्मा निळा ऑइल पेंट ल्यालेला एक कोरीव दगड कितीतरी तालुक्यांच्या गावी असतो. कोणी त्याला म्हसोबा म्हणतं, कोणी नुसताच ‘जुना दगड’. एखाद्या दिवशी गावातल्या पोरांच्या मनात येतं, हा नीट उभा करू या. मग रविवारी वायर ब्रश, अ‍ॅसिडची बाटली, दोन पोती सिमेंट आणि एक जेसीबी येतो. संध्याकाळी दगड चकचकीत उभा असतो, आणि सात-आठशे वर्षं टिकलेली घडाई त्या एका दिवसात गेलेली असते.

हे काम सहा-आठ जणांना जमण्यासारखं आहे. मात्र यात दगडाला लावायचं फार कमी असतं. त्याच्यापासून दूर ठेवायचं पुष्कळ असतं, आणि त्यात पहिला नंबर पाण्याचा.

दगड कुठला, ते आधी ओळखा

वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराची स्मारकशिळा, ओळखणं सोपं आहे. उभी शिळा, तिच्यावर एकावर एक तीन किंवा चार चौकटी. सगळ्यांत खाली धारातीर्थी पडलेला वीर, कधी त्याच्या मागे गाईंचा कळप (गोधन सोडवताना तो पडला, असं सांगणारा), मधे लढाई किंवा त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश, चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर चक्क जहाजांची लढाई आहे. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात दिसला की ती सतीशिळा. कधी वीरगळ आणि सतीचा हात एकाच दगडावर असतात.

गधेगळ वेगळा. वर चंद्र-सूर्य, मधे लेख किंवा लेखासाठी सोडलेली सपाट जागा, आणि खाली गाढव व स्त्री यांचं शिल्प. दिलेलं दान जो मोडेल त्याला घातलेली ती दगडातली शिवी. अलिबागजवळच्या अक्षीचा, मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखांत गणला जाणारा शिलालेख गधेगळावरच आहे. म्हणून गधेगळ दिसला तर मधला भाग कितीही गुळगुळीत वाटला तरी ‘इथे काही नाही’ असं धरून चालू नका. काही ठिकाणी खालच्या शिल्पाच्या संकोचापायी तो भाग मुद्दाम मातीत राहू दिलेला असतो. शापाचा दगड म्हणून त्याला हात लावायला माणसं कचरतात, तेव्हा कामाच्या दिवशी मजूर मिळतील की नाही हे आधीच विचारून ठेवा.

दगडाची जातही बघा. देशावर आणि मराठवाड्यात बहुतेक काळा बसाल्ट: घट्ट, जड, सोसणारा. कोकणात जांभा भेटतो. तो चाळणीसारखा सच्छिद्र आणि मऊ असतो. पुढे दिलेली साफसफाई बसाल्टसाठी आहे. जांभ्याला कोरडा मऊ ब्रश आणि थोडं पाणी, बस्स. रसायन आत शिरलं की परत निघत नाही.

कागद

दगड संरक्षित आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. १९५८ च्या केंद्रीय किंवा १९६० च्या राज्य कायद्याखाली तो संरक्षित असेल, तर तुम्ही त्याला हात लावायचा नाही. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई असते, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जवळ असं देऊळ किंवा लेणं असेल तर चौथऱ्याचा विचारही आधी कागदावर आणा. संरक्षित नसलेला दगडही शंभर वर्षांहून जुना असला की १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो. तो कोणाच्या अंगणात किंवा फार्महाउसवर ‘सुरक्षित’ ठेवायला नेणं ही मदत नव्हे.

राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय सहायक संचालकांना फोटोंसह पत्र द्या आणि लेखी उत्तर हाती आल्याशिवाय दगड हलवू नका. ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीचा ठराव घ्या. दगड रस्त्याच्या हद्दीत असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची परवानगी, खासगी जागेत असेल तर सातबारावरच्या मालकाची लेखी संमती. खणताना नाणी, मूर्ती, ताम्रपट असं काही निघालं तर काम तिथल्या तिथे थांबवा, फोटो काढा आणि तहसीलदारांना कळवा. जमिनीत सापडलेल्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे.

आणि एक कागद जो कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. दगडाची पूजा होत असेल तर गुरव, पुजारी, ज्यांच्या घरचा नैवेद्य तिथे जातो ती घरं, या सगळ्यांशी आधी बोला. शेंदूर काढायचा की नाही हे ते ठरवतील. त्यांनी नाही म्हटलं, तर शेंदरासकट दगड सरळ करा आणि पाण्याला वाट काढून द्या. तेवढ्यानेही निम्मं काम होतं.

नोंद

एक वही, एक टेप, मोबाइल आणि फूटपट्टी. दगड जसा आहे तसा चारही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून टिपा. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश लिहा. रस्त्याच्या मध्यापासूनचं अंतर, जवळच्या न हलणाऱ्या दोन गोष्टींपासूनची अंतरं (विहिरीचा कठडा, देवळाचा कोपरा), दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, किती इंच कलला आहे. जमीन दगडाला जिथे भेटते तिथे खडूने नव्हे, दोऱ्याने खूण करा आणि फोटो काढा. ही रेघ पुढे उपयोगी पडते.

झिजलेली अक्षरं आणि चेहरे भर दुपारी दिसत नाहीत. सकाळी सात-साडेसातला किंवा सूर्य मावळताना, उन्हाची तिरीप दगडाला घासून जाते तेव्हा फोटो घ्या. त्याहून चांगलं म्हणजे रात्र: मोबाइल स्थिर ठेवा आणि दुसऱ्याने टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाशी जेमतेम १०-१५ अंशांत धरून चारही बाजूंनी फिरवावी. दिवसा सपाट वाटणाऱ्या जागी ओळीच्या ओळी उठून येतात. अक्षरं वाचता यावीत म्हणून त्यात खडू, पीठ, रांगोळी किंवा रंग भरू नका. भरणारा स्वतःला दिसतं तसं भरतो, आणि पुढच्या वाचणाऱ्याला मूळ अक्षराऐवजी त्याचा अंदाज वाचावा लागतो. कागदाचा ठसा घ्यायचा असेल तर तो येणारा माणूसच बोलवा. ओला कागद फाटला तर शाई दगडात जाते.

फोटोंवरून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर ढगाळ उजेडात, एकमेकांवर दोन-तृतीयांश चढणारे ७०-८० फोटो पुरतात. दगड उचलताना काही बिघडलंच तर आधी काय होतं हे दाखवायला एवढीच साक्ष उरते.

साफ करण्याआधी दगड वाजवून बघा

बोटाच्या पेराने किंवा लाकडी मुठीने दगडावर हलके टिचका मारत जा. निरोगी बसाल्ट खणखणीत बोलतो. जिथे आवाज बद्द येतो तिथे आत पापुद्रा सुटलेला असतो किंवा भेग असते. अशा जागा नोंदीतल्या चित्रावर आखून ठेवा. तळहाताएवढ्या जागेहून जास्त भाग बद्द वाजत असेल, किंवा ब्रश फिरवताच बारीक कण पडत असतील, तर तिथे साफसफाई तुमची नाही. संवर्धकाला (जुन्या वास्तू-वस्तू जपण्याचं शास्त्र शिकलेल्या माणसाला) बोलवा आणि तोवर वर ताडपत्रीची पडवी करून पाणी थांबवा. प्लास्टिक दगडाला गुंडाळू नका, आत घाम धरतो.

साफसफाईचा क्रम कोरड्याकडून ओल्याकडे, आणि सौम्याकडून किंचित तिखटाकडे. लागणारं सामान: मऊ नायलॉनचे ब्रश, काथ्याचा एक कुंचा, बांबूच्या चपट्या कामट्या, टूथब्रश, स्पंज, दोन बादल्या, रबरी हातमोजे, चष्मा. पाणी बोअरचं नको. त्यातले क्षार दगडात जातात, पाणी सुकताना वर येऊन स्फटिक होतात आणि पृष्ठभाग आतून ढकलतात. पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. शेवटची धुणी तरी डिस्टिल्ड पाण्याची असावी. मध्यम दगडाला १०-१५ लिटर पुरतं.

आधी कोरड्या ब्रशने माती. मग मागच्या बाजूला, खाली, दोन इंचांचा चौकोन आखून तिथे चाचणी: नुसतं पाणी, त्यानंतर पाणी आणि नॉन-आयॉनिक, म्हणजे विद्युतभार नसलेल्या सौम्य साबणाचे काही थेंब. चोवीस तास थांबून बघा. ओला दगड सगळं लपवतो, खरा रंग सुकल्यावर कळतो. ठीक वाटलं तर खालून वर काम करत जा. वरून सुरू केलं तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात आणि त्यांचे पट्टे राहतात.

दगडफूल, म्हणजे ते करडे-पांढरे-पिवळे चट्टे, कधीही कोरडं खरवडू नका. त्याचे तंतू दगडात शिरलेले असतात. ओढलं की दगडाचे कण घेऊन निघतं. बेन्झाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकाचं २ टक्के द्रावण (५० टक्क्यांचं मिळालं तर ४० मिलि घेऊन पाण्याने लिटरभर करा) कोरड्या दगडावर ब्रशने लावा, दोन दिवस पाऊस नको आणि मग दोन आठवडे विसरून जा. चट्टे तपकिरी पडून सुटू लागतात. मग ओलं करून टूथब्रशने निघतात. पहिल्या दिवशी निघालं नाही म्हणून जोर लावणारे जास्त असतात. जे मेलेलं दगडफूल तरीही चिकटून बसतं, ते राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.

तेल-तुपाच्या अभिषेकाने काळा, चिकट थर बसलेला असतो. त्याला २ टक्के अमोनिया (बाजारात मिळणारा २५ टक्क्यांचा असेल तर लिटरमागे ८० मिलि) आणि चमचाभर नॉन-आयॉनिक साबण. कापसाने लावा, पाच-सात मिनिटांनी ब्रश आणि मग भरपूर पाणी. वारा पाठीशी ठेवा, कारण वास डोळ्यांत झोंबतो. ब्लीचिंग पावडर किंवा फिनेलची बाटली जवळपास नसू द्या. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू होतो.

ऑइल पेंटसाठी लेप. मिथिलीन क्लोराइड नसलेलं पेंट रिमूव्हर, त्यात मुलतानी माती किंवा कागदाचा लगदा कालवून श्रीखंडाइतकं घट्ट करा, बोटाएवढा जाड थर द्या, वर पातळ प्लास्टिक लावा. दोन तासांनी कोपरा उचलून बघा. जुना रंग असेल तर रात्रभर लागतो. बांबूच्या कामटीने काढा, पाण्याने पुसा, उरलं तर पुन्हा. पाच-सहा थर असतील तर चार वेळा लेप द्यावा लागणं नवल नाही. शेवटी खाचांत रंगाचे ठिपके राहतात. ते टोकदार लोखंडाने उकरायचा मोह होतो, नका उकरू. कोरलेल्या रेघेत छिन्नीचं मूळ टोक कसं फिरलं हे तिथेच दिसतं.

शेंदूर काढायची संमती असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: परंपरेने शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, विषारी. कोरडा घासू नका, जाळू नका, गॅसच्या ज्योतीने वितळवायला तर अजिबात जाऊ नका. मुखपट्टी, हातमोजे, आणि आधी कोमट पाणी व साबणाने भिजवून कामटीने थर सोडवा. बोटभर जाडीचं कवच कधी अख्खंच सुटतं. त्याच्या आत आधीच्या चेहऱ्याचा साचा असतो, तो फोटो काढल्याशिवाय फोडू नका. निघालेला शेंदूर ओढ्यात किंवा विहिरीत न टाकता पिशवीत बांधून वेगळा ठेवा. गावाला पुन्हा शेंदूर लावायचा असेल तर दगडासमोर एक साधा तांदळा (न कोरलेला दगड) बसवून द्या आणि तेल-शेंदूर त्याला असू द्या. हा तोडगा सहसा मान्य होतो.

सिमेंटचे शिंतोडे आणि चुना: चुना भिजवून कामटीने निघतो. सिमेंट कोऱ्या भागावर असेल तर अनुभवी पाथरवटाने बारीक टाकीने, दगडाला समांतर, टिचक्या मारत काढावं. लेखावर असेल तर सोडून द्या. सिमेंटखाली अक्षर निदान जागेवर असतं.

वायर ब्रश का नको? त्याचे तुटलेले केस दगडाच्या छिद्रांत राहतात, पावसाळ्यात गंजतात आणि नंतर न जाणारे तांबडे डाग पडतात. अ‍ॅसिड बसाल्टमधलं लोह मोकळं करतं, दगड पिवळटतो, आणि त्याच्या छिद्रांतले पांढरे खनिज खाऊन टाकतं. प्रेशर वॉशर सुटलेले पापुद्रे उडवतो. ग्राइंडर आणि सँडब्लास्टिंगबद्दल लिहायचीही गरज नसावी, पण दरवर्षी कुठेतरी कोणीतरी करतंच. शेवटी चमक यावी म्हणून वॉर्निश, खोबरेल किंवा ‘वज्रलेप’ म्हणून इपॉक्सीही नको. उघड्यावरचा दगड जमिनीतून ओल घेतो आणि पृष्ठभागातून सोडतो. वाट बंद केली की ती कोंडून थराखाली फुगते आणि थर दगडाची कातडी घेऊन सुटतो.

उचलणं

वजनाचा हिशेब आधी. बसाल्टचा घनफूट साधारण ८० किलो भरतो. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, नऊ इंच जाड वीरगळ म्हणजे साडेसात घनफूट, सुमारे ६०० किलो. आठ माणसं एवढं ‘हय्या’ करून उचलू पाहतात आणि बोटं अडकतात. तीन इंची पाइपांची बारा फुटी तिपाई, दोन टनांची चेन पुली, दोन टनांचे दोन कापडी पट्टे, तीन पहारी, जाड फळ्या, गोणपाट, तीन-चार दोन इंची पाइपाचे तुकडे आणि चाळीस फूट दोर, एवढं भाड्याने मिळतं. पोलादी दोर आणि साखळी दगडाला लावू नका, कडा उडतात. हायड्रा क्रेन आणलीच तर पट्टे तेच. जेसीबीचं बकेट दगडापासून दूर. त्याचे दात आधी अप्सरेच्या नाकाशी भेट घेतात.

पालथा किंवा अर्धा गाडलेला दगड मोकळा करताना शेवटचे सहा इंच कुदळ बंद आणि थापी सुरू. पहार दगडाखाली घालताना तिच्या टोकाखाली फळी ठेवा, दगडावर थेट तोल नको. एका बाजूने दोन इंच उचला, लाकडाचा ठोकळा सारा, मग दुसरी बाजू. अख्ख्या दगडाखालची माती एकदम काढली तर तो मधोमध अधांतरी राहतो, आणि आधीपासून असलेली भेग तिथे पूर्ण होते.

उभा करताना पायाकडची कड खड्ड्याच्या काठावर फळीवर टेकवा. पट्टा वरून एक-तृतीयांशावर, खाली गोणपाटाची घडी. पुली हळू ओढा. दगड जवळजवळ उभा होत आला की वजन पलीकडे कलतं आणि दगड आपला आपण उभा राहायला धावतो. बहुतेक अपघात याच क्षणी होतात. त्यासाठी पाठीमागून दोन जण दोर ताणून धरतात आणि इंच-इंच सोडतात. पुली ओढणाऱ्याशिवाय कोणी तिपाईच्या आत नको, आणि आवाज एकाचाच.

खड्डा आणि भरणी

दगडाचा पाया शोधा. वीरगळाच्या खालच्या चौकटीखाली बहुधा फूट-दीड फूट घडाई न केलेला भाग असतो. तोच जमिनीत राहायचा होता. मघाशी दोऱ्याने खुणावलेली रेघ आणि ही घडाईची सीमा ताडून बघा. फरक असेल तर घडाईची सीमा खरी. नंतरची माती, गाळ आणि दर काही वर्षांनी चढत जाणारं डांबर यांनी जमीन उंच झालेली असते.

वर सांगितलेल्या आकाराच्या दगडाचा दीड फूट गाडायचा असेल, तर खड्डा साडेतीन फूट बाय अडीच फूट आणि दोन फूट खोल. तळाला सहा इंच ४० मिलिमीटरची खडी, धुम्मसाने ठोकलेली, साडेचार घनफूट. बाकी भरणीला मुरूम आणि दगडगोटे मिळून सुमारे अकरा घनफूट. म्हणजे एकूण पाव ब्रासही (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागत नाही. काळ्या मातीत मात्र हा हिशेब चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन वर्षांत दगड पुन्हा तिरपा होतो. मुरूम लागेपर्यंत, चार फूट जावं लागलं तरी, काळी माती काढा आणि तिथपासून सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम ठोकत वर या.

दगड खड्ड्यात उतरला की ओळंबा दोन बाजूंनी लावा, एकदा तोंडावरून आणि एकदा कडेवरून. कोरीव तोंड क्वचितच सपाट असतं, म्हणून चौकटीच्या उभ्या पट्टीवर धरा. लाकडी पाचरा मारून उभा ठेवा, मोठे गोटे तळाशी चौफेर आवळून बसवा, मधल्या फटींत चिपा, वर मुरूम, थोडं पाणी, धुम्मस. दर थराला ओळंबा पुन्हा. वर आल्यावर पाचरा काढा. आत राहिल्या तर कुजतात आणि पोकळी होते.

काँक्रीट नको, आणि हे सगळ्यांत कठीण पटवणं असतं. काँक्रीटची कॉलर दगडाला जमिनीच्या रेघेवर पकडते. ट्रकचं मागचं चाक लागलं की मुरुमात बसवलेला दगड कलतो, काँक्रीटमधला त्या रेघेवर मोडतो. कललेला पुन्हा सरळ होतो. शिवाय सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात. जमीन फारच भुसभुशीत असेल तर वरच्या सहा इंचांत चुन्याचा गारा: एक भाग किमान तीन आठवडे भिजवून मुरवलेला चुना, एक भाग सुरकी (विटांची भुकटी), दोन भाग धुतलेली वाळू. दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मे महिन्यात चुना धरण्याआधीच सुकतो आणि भुगा होतो.

सभोवती दीड फूट रुंद, तीन इंच जाड २० मिलिमीटरची खडी, दगडापासून बाहेर उतरती. टाइल्स आणि ग्रॅनाइटचा चौथरा टाळा: फरशीवरून उडालेलं पावसाचं पाणी खालच्या चौकटीवर आपटत राहतं. रस्ता दगडाहून उंच झाला असेल तर सगळं पाणी इथे जमतं. तेव्हा रस्त्याच्या आणि दगडाच्या मधे फूटभर रुंदीची चर खणून तिच्यात खडी भरा आणि तिचं तोंड गटाराकडे काढा. वाहनं वळत असतील तर तीन फुटांवर दोन-तीन ओबडधोबड राखणीचे दगड रोवा. जवळ पिंपळाचं रोप उगवलं असेल तर उपटू नका, त्याचं मूळ दगडाला हलवतं. बुडाशी कापा आणि फुटवे येतील तसे कापत राहा.

तुटलेला असेल तर

दोन तुकडे शेजारी पडले असतील तर जोडायची घाई नको. लोखंडी सळई घालून सिमेंटने जोडलेला दगड काही पावसाळ्यांत फुटतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. जोडायचाच तर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या १२ मिलिमीटर आट्यांच्या सळया, १६ मिलिमीटरची भोकं, मधोमध मोजकं इपॉक्सी. हे काम संवर्धकाचं आहे. भोकं एका रेषेत आली नाहीत तर नवी भेग पडते. तोवर दोन्ही तुकडे फळी आणि गोट्यांवर, थोडे तिरपे, पाणी निथळेल असे मांडा. उडालेला कोपरा भरू नका, पुसट चेहऱ्यावर पाथरवटाला ‘जरा टाकी’ मारायला सांगू नका.

मैलाचा दगड असेल तर

इंग्रजी अमदानीतल्या मैलाच्या दगडाला वरचं जवळपास सगळं लागू पडतं, पण त्याची जागा हाच त्याचा अर्थ असतो. मूळ जागा शोधायला शेजारच्या मैलाच्या दगडापासून रस्त्याने १६०९ मीटर मोजा. वळणं नंतर सरळ केली असतील तर थोडा फरक पडेल. एक इंचाला एक मैल प्रमाणाचे सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे मिळाले तर त्यांत रस्त्याकडेचे मैलाचे दगड दाखवलेले असतात. मुंबईतले बसाल्टचे मैलाचे दगड फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले, रोमन आकड्यांचे आहेत. दोनशे फूट सरकवला की आकडा खोटा. रस्तारुंदीत हलवणं भागच असेल तर रस्त्याला काटकोनात मागे घ्या, पुढे-मागे नको. रंगाचा प्रश्न इथे जरा वेगळा: खाचांत जुन्या पांढऱ्या चुन्याचे आणि काळ्या आकड्यांचे अंश खरोखर सापडले, तर पातळ चुन्याचा हात द्यायला हरकत नाही. तो पुढे पाण्याने निघतो. ऑइल पेंट मात्र इथेही नको.

नंतर

माहितीचा फलक दगडापासून चार-पाच फुटांवर, वेगळ्या खांबावर. दगडात भोक, खिळा किंवा संगमरवरी पाटी काही नाही, देणगीदारांची नावं तर नाहीच. फलकावर चौकटींचा अर्थ, आणि काळ फक्त अभ्यासकाने वाचला असेल तरच.

नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक पुरातत्त्व खात्याकडे. दरवर्षी दसऱ्याच्या आसपास, पाऊस ओसरल्यावर, कोरडा ब्रश फिरवा, खडीतलं गवत काढा, चरीचं तोंड मोकळं करा. ओळंबा लावून दोरा आणि दगड यांतलं अंतर माथ्याशी व पायाशी मोजून वहीत लिहा. वर्षभरात अर्ध्या इंचाहून जास्त फरक पडला तर खालची जमीन सरकते आहे. कललेल्या बाजूची भरणी पुढच्या हिवाळ्यात उकरून बघा, बहुतेक वेळा तिथे पाणी साचलेलं सापडतं.